तांबडा घ्यायचा की सोडायचा: व्हेट चेकमध्ये अडकलेल्या घोड्याचं प्रकरण

व्हेट चेक म्हणजे घोडा घेण्याआधी घोड्यांच्या डॉक्टरांकडून करून घेतलेली तपासणी. नावं आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकलेत. घोडा तांबड्या रंगाचा म्हणून त्याला तांबडाच म्हणू, घेणारी ती ताई, तिची सोळा वर्षांची मुलगी ती लेक, आणि विकणारे ते मालक. मी ताईची मैत्रीण, घोड्यांमध्ये बरीच वर्षं वावरलेली, म्हणून पहिल्यांदा घोडा बघण्यापासून शेवटच्या फोनपर्यंत सोबत होते.

पार्श्वभूमी

लेक लहानपणापासून रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर शिकलेली. हात हलका, बैठक पक्की, आणि आता तिला स्वतःचा घोडा हवा होता ज्याच्यावर ती ९० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीच्या जंपिंग स्पर्धा करू शकेल. ताईला घोड्यातलं फारसं कळत नाही पण हिशोब चांगला कळतो, आणि तिचं एक म्हणणं पहिल्यापासून ठाम होतं की आम्ही एकच घोडा घेणार, आणि जो घेऊ तो त्याच्या शेवटापर्यंत आम्हीच सांभाळणार, म्हातारा झाला म्हणून कुणाच्या गळ्यात मारणार नाही. घोडा २५ ते ३० वर्षं जगू शकतो, त्यामुळे हे बोलायला सोपं वाटतं तेवढं सोपं नसतं.

तांबडा ११ वर्षांचा, खच्ची केलेला, अंगाने भरलेला आणि स्वभावाने इतका शांत की लेक खाली वाकून त्याचे खूर साफ करत असताना तो झोप काढायचा. मालकांचा मुलगा आधी त्याच्यावर जंपिंग करायचा, मग मुलगा शिकायला बाहेर गेला आणि शेवटची दोन वर्षं घोडा हलक्याच कामावर होता, आठवड्यातून दोन-तीनदा फेरफटका, थोडं रिंगणात ट्रॉट-कँटर (दुडकी आणि त्याहून वेगाची चाल), जंप जवळजवळ नाहीच. ही गोष्ट सगळ्यांनी चांगली म्हणून ऐकली, 'बघा, जपून वापरलाय'. मला तेव्हाच थोडं खटकलं कारण हलक्या कामावरचा घोडा बरा दिसतो याचा अर्थ तो जड कामावर बरा राहील असा होत नाही, उलट हलक्या कामात बरीच दुखणी झाकली जातात.

घोडा शोधून दिला होता लेकीच्या कोचने. कोचला मालकांकडून कमिशन मिळणार होतं हे ताईला बऱ्याच उशिरा कळलं, त्यावर इथं जास्त लिहीत नाही, एवढंच की ते पहिल्या दिवशी विचारायला हरकत नसते आणि विचारलं तर बहुतेक लोक खरं सांगतात.

व्हेट चेक व्हायच्या आधी लेक तांबड्यावर बऱ्याचदा बसून आली होती, त्याचे फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर लागले होते, त्याच्यासाठी हॉल्टरचा रंगसुद्धा ठरला होता. डिपॉझिट दिलेलं होतं. पावतीवर तपासणीची अट नव्हती, तोंडी ठरलं होतं.

तपासणीत काय निघालं

मालकांनी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. ताईने ते नम्रपणे नाकारलं आणि मालकांशी काही संबंध नसलेले डॉक्टर बोलावले, हा या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय. डॉक्टर कितीही सरळ असले तरी ज्यांचं रोजचं काम विकणाऱ्याच्या तबेल्यात आहे त्यांना अशा वेळी कोंडीत टाकू नये.

ब्रिटनमध्ये जी पूर्ण तपासणी करतात ती पाच टप्प्यांची असते, आधी उभ्या घोड्याची, मग हातात धरून चालवून आणि ट्रॉट करवून, मग स्वाराला बसवून काम करवून, मग विश्रांती देऊन हृदय-श्वास किती वेळात खाली येतात ते बघून, आणि शेवटी पुन्हा एकदा ट्रॉट. इथं डॉक्टरांनी साधारण त्याच क्रमाने केली. डोळे, दात, हृदय, फुप्फुसं सगळं ठीक. रक्ताचा नमुनासुद्धा घेऊन ठेवला, म्हणजे दुखणं झाकायला फेनिलब्युटाझोनसारखं काही दिलं असेल अशी पुढे शंका आली तर तपासता येतं. असा नमुना घेताना विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो तेही बघण्यासारखं असतं. मालक अगदी निवांत होते, ही त्यांच्या बाजूची गोष्ट नोंदवायला हवी.

मग फ्लेक्शन टेस्ट. पायाचा सांधा साधारण मिनिटभर वाकवून धरायचा, सोडला की लगेच घोडा ट्रॉटवर पळवायचा आणि पहिली काही पावलं बघायची. मागच्या डाव्या पायाला तांबडा सरळ सरळ लंगडला, सात-आठ पावलं, मग नीट चालायला लागला. उजव्याला थोडंसं. डॉक्टरांनी लगेच दोन्ही हॉकचे (मागच्या पायाचा मधला मोठा सांधा, आपल्या घोट्यासारखा) एक्स-रे काढले आणि खालच्या सांध्यांमध्ये संधिवाताचे बदल दिसले, डावीकडे जास्त, कडा खडबडीत झालेल्या आणि सांध्याची फट अरुंद.

आता यानंतरची जी गोष्ट झाली ती तिथं उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघांच्या लक्षातच राहिली नाही. कडक जमिनीवर लंज करताना, म्हणजे लांब दोरीला धरून गोल फिरवताना, उजव्या हाताच्या गोलात, तांबड्याचा पुढचा उजवा पाय टेकला की डोकं किंचित वर जायचं, दर फेरीला. सरळ रेषेत काही नाही. मऊ जमिनीवर जवळजवळ नाही. अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांची ० ते ५ अशी लंगडण्याची मोजपट्टी आहे, तिच्यावर डॉक्टरांनी याला २ दिले, म्हणजे सरळ चालीत दिसायला कठीण पण ठराविक परिस्थितीत दरवेळी दिसणारं. पुढच्या खुरांचे एक्स-रे नीट काढायचे तर नाल काढावी लागते, त्या दिवशी नालबंद नव्हता आणि मालकही नाल काढू द्यायला तयार नव्हते, म्हणून ते राहिलं.

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य असं होतं: 'मी घोड्याला पास-नापास करत नाही. तुम्ही मला सांगितलंय की १ मीटर जंपिंग करायचंय. त्या कामासाठी हा घोडा घ्या असं मी सांगू शकत नाही.'

घरी जाताना गाडीत लेक रडत होती आणि ताई सारखं हॉकच्या एक्स-रेचं बोलत होती. साहजिक आहे, एक्स-रे डोळ्यांना दिसतो, मोबाइलवर झूम करून बघता येतो, चार लोकांना पाठवता येतो. डोकं किंचित वर जाणं कुणाला पाठवणार.

नेमकी अडचण काय होती

ताईने विचारलेला प्रश्न होता 'हॉकचा संधिवात बरा होतो का?'. तो चुकीचा नव्हता पण अपुरा होता, आणि त्याचं उत्तर लोकांना वाटतं तेवढं भयंकर नाहीये. हॉकमध्ये एकावर एक असे सांधे असतात, खरी हालचाल वरच्या सांध्यात होते, खालचे दोन अगदी थोडे हलतात. त्या खालच्या सांध्यांचा संधिवात कामाच्या घोड्यांमध्ये भरपूर दिसतो, सांध्यात इंजेक्शन देऊन, नालबंदी नीट ठेवून, वॉर्मअप लांबवून अनेक घोडे वर्षानुवर्षं काम करतात, आणि कधीकधी ते सांधे कालांतराने आपोआप एकमेकांना जुळून जातात आणि दुखणं कमी होतं. शिवाय फ्लेक्शन टेस्ट ही काही काटेकोर गोष्ट नाही, किती जोराने धरलं, किती वेळ धरलं यावर फरक पडतो, आणि मागचा हॉक वाकवताना वरचा गुडघ्यासारखा सांधापण सोबत वाकतोच कारण घोड्याच्या पायाची बांधणीच तशी आहे, त्यामुळे नेमकं कुठं दुखलं ते त्या टेस्टवरून सांगता येत नाही.

पुढच्या पायाचं तसं नाही. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि जंपवरून उतरताना तर ते सगळं पुढेच येतं. खुराच्या मागच्या भागात नेव्हिक्युलर नावाचं छोटं हाड असतं, विहिरीच्या कप्पीवरून दोर फिरावा तशी पाय वाकवणारी मोठी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी, म्हणजे टेंडन) त्याच्यावरून वळून खाली जाते. त्या भागात दुखणं असेल तर कडक जमीन, छोटा गोल आणि उतरतानाचा भार या तिन्ही गोष्टी त्याला सोसत नाहीत, आणि लेकीला नेमकं हेच काम करायचं होतं. तांबड्याला तिथंच काही आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, पण शंका घ्यायला ती एक डोक्याची हालचाल पुरेशी होती.

समोर कोणते रस्ते होते

सगळ्यात सोपा रस्ता सोडून देण्याचा. माझं मत पहिल्यापासून तेच होतं, घोडे दुसरे मिळतात. ताई यावर म्हणाली, 'तुला सोपं आहे, तुला लेकीला सांगायचं नाहीये.' मुद्दा बरोबर होता.

दुसरा रस्ता दोन दिवसांतच मालकांकडून आला. किंमत एक तृतीयांश कमी करतो, आहे तसा घ्या, रविवारी दुसरे लोक बघायला येणार आहेत. इथं थोडं थांबून बोलायला हवं कारण या ठिकाणी बरेच लोक फसतात, म्हणजे कुणी फसवतं असं नाही, स्वतःच फसतात. घोड्याची खरेदीची किंमत हा त्याच्यावरच्या एकूण खर्चाचा लहान भाग असतो, खाणं, जागा, नाल, डॉक्टर हे दर महिन्याला चालूच राहतं, आणि लंगड्या घोड्याचा महिना धडधाकट घोड्याच्या महिन्यापेक्षा महाग. ताईने कागदावर मांडून बघितलं, तांबडा तेराव्या वर्षी कामातून गेला आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत जगला तर बारा वर्षं नुसता सांभाळ. त्यापुढे ती एक तृतीयांश सूट काहीच नव्हती. सूट मिळाली की घोडा स्वस्त होतो, जोखीम तेवढीच राहते, आणि ती जोखीम विकणाऱ्याकडून आपल्याकडे येते, ती सूट त्याचेच पैसे असतात. रविवारच्या लोकांचं म्हणाल तर ते असतीलही खरे. ते घेऊन गेले असते तर घेऊन गेले असते.

तिसरा, काम कमी करून घोडा ठेवायचा. हा लेकीचा प्रस्ताव, 'आई, मी जंप नाही केलं तरी चालेल, मला तोच हवाय.' हे ऐकून माझाही थोडा वेळ घसा भरून आला पण सोळा वर्षांच्या मुलीचं हे म्हणणं पुढच्या सीझनला टिकेल का हा विचार आईने करायचा असतो. ताईने तिला एवढंच विचारलं की तुझ्या मैत्रिणी स्पर्धेला जातील तेव्हा तू घरी राहशील का, आणि राहिलीस तर तांबड्यावर राग धरशील का. लेक गप्प झाली. नंतर म्हणाली की विचार करते.

चौथा, लीज. हा मालकांनी नंतर पुढे केला, सहा महिने खर्च तुमचा, घोडा माझा, मग ठरवा. कागदावर चांगला वाटतो आणि काही प्रकरणांत खरंच चांगला असतो. पण संशयित लंगडेपणा असलेल्या घोड्याला लीजवर जंपिंगला लावायचं म्हणजे दुखणं वाढलं तर ते कुणाच्या काळात वाढलं यावर भांडण नक्की, आणि सहा महिन्यांत लेकीचा जीव अजून गुंतणार.

पाचवा, अजून तपासणी करायची. पुढच्या खुरांचे एक्स-रे, नर्व्ह ब्लॉक (नस सुन्न करून दुखणं कुठं आहे ते शोधणं), गरज पडली तर एमआरआय. खर्च ताईचा, परवानगी मालकांची.

काय केलं

ताईने पाचवा धरला, पण त्याच्या आधी एक काम केलं जे मला फार आवडलं. मालकांना फोन करून तांबड्याचा जुना वैद्यकीय रेकॉर्ड मागितला. विकणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांचे डॉक्टर तो देऊ शकत नाहीत. मालक आधी 'त्याला कधी काही झालेलंच नाही, काय बघायचंय त्यात' म्हणाले, मग दोन दिवस फोन उचलला नाही, मग परवानगी दिली.

रेकॉर्डमध्ये निघालं की आदल्या वर्षी दोन्ही हॉकमध्ये इंजेक्शन दिलेली होती. म्हणजे मालकांना हॉकचं माहीत होतं. ताई संतापली आणि तिथंच व्यवहार मोडायला निघाली. गंमत म्हणजे मला ती बातमी अर्धी चांगलीच वाटली, कारण त्याचा अर्थ हॉक कुणीतरी बघितलाय, उपचार केलाय आणि घोडा त्यानंतर चाललाय. वाईट अर्धा भाग मालकांच्या शब्दाबद्दल होता. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती ही की त्या पूर्ण फाइलमध्ये पुढच्या पायांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. दोन वर्षं हलक्याच कामावर असलेल्या घोड्याला कडक जमिनीवर छोट्या गोलात कुणी फिरवलंच नव्हतं, तर दिसणार कसं.

डिपॉझिटचं तिथल्या तिथं लेखी करून घेतलं. दुसऱ्या तपासणीत घोडा सांगितलेल्या कामासाठी योग्य नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर पूर्ण परत. मालकांनी सही केली, याचं श्रेय त्यांना.

दुसऱ्या तपासणीला नालबंद सोबत होता. नाल काढून एक्स-रे निघाले. नेव्हिक्युलर हाडात मध्यम बदल, उजव्या आणि डाव्या दोन्हीकडे, खालच्या कडेची छिद्रं मोठी झालेली. पण डॉक्टरांनी लगेच बजावलं की एवढ्यावरून काही ठरवू नका, असे एक्स-रे असलेले काही घोडे अजिबात लंगडत नाहीत आणि स्वच्छ एक्स-रे असलेले काही लंगडतात, कारण शिरेचं आणि लिगामेंटचं दुखणं एक्स-रेत दिसतच नाही, त्याला एमआरआय लागतो. खुरांचा आकारही बिघडलेला होता, पुढचा भाग लांब वाढलेला आणि टाच खाली बसलेली, त्यामुळे मागच्या भागावर सतत ताण.

मग नर्व्ह ब्लॉक. उजव्या पायाच्या खाली, टाचेकडे जाणाऱ्या नसांच्या जवळ दोन्ही बाजूंना सुन्न करणारं इंजेक्शन, दहाएक मिनिटं थांबायचं, आणि पुन्हा लंज. उजव्या गोलात तांबडा एकदम मोकळा चालला. लेकीने माझा हात धरला. मग डॉक्टरांनी त्याला डाव्या हाताला फिरवायला सांगितलं, आणि पुढचा डावा पाय लंगडायला लागला, असा की ताईलासुद्धा दिसलं. दोन्ही पाय दुखत असतील तर घोडा दोन्हीकडे सारखंच सांभाळून चालतो आणि लंगडणं उठून दिसत नाही, एक बाजू सुन्न केली की दुसरी बोलायला लागते. डाव्या पायालाही ब्लॉक दिल्यावर त्याचा ट्रॉट इतका लांब आणि मोकळा झाला की मालक स्वतःच म्हणाले, 'हा तर पूर्वीसारखा चालतोय.' ते ऐकून वाईट वाटलं, कारण म्हणजे बराच काळ तो पूर्वीसारखा चालत नव्हता आणि सगळ्यांनी त्याला शांत स्वभाव म्हटलं होतं.

ब्लॉकने नेव्हिक्युलर हाडच दुखतंय हे सिद्ध होत नाही, तो खुराचा बराच भाग सुन्न करतो, एवढंच कळतं की दुखणं तिथं खाली आहे. नेमकं काय ते एमआरआय सांगेल असं डॉक्टर म्हणाले. पण ताईने त्यांना एकच प्रश्न विचारला, आणि तो मी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न मानते, की 'एमआरआयमध्ये असं काय दिसू शकतं ज्यामुळे तुम्ही मला घोडा घ्या म्हणाल?' डॉक्टरांनी विचार केला आणि म्हणाले, १ मीटर जंपिंगसाठी, काहीच नाही. दोन्ही पायांत दुखणं आहे हे कळल्यावर एमआरआय उपचार ठरवायला उपयोगी आहे, खरेदी ठरवायला नाही.

तिथं मग एमआरआयचा विषय संपला. निर्णयही तिथंच झाला. ताईने घोडा घेतला नाही.

लेकीला तिनेच सांगितलं, त्याच दिवशी, तबेल्यातच, मालकांच्या समोर नाही. मी मुद्दाम दूर गेले होते त्यामुळे काय बोलणं झालं ते लिहिता येणार नाही.

पुढे काय झालं

डिपॉझिट परत मिळालं, थोडी कुरकुर होऊन. रिपोर्ट ताईच्या पैशाने तयार झालेला, तो तिचा, मालकांना देणं तिच्यावर बंधनकारक नव्हतं. कोच म्हणाला देऊ नका, तुमचे पैसे गेलेत. ताईने डॉक्टरांना विचारून दिला, म्हणाली घोड्याचा काय दोष. मालक आधी फुगून बसले होते पण रिपोर्ट वाचल्यावर त्यांनी नालबंद बदलला, खुरांचा पुढचा भाग कमी करून टाचेला आधार देणारी नाल लावली आणि दर पाच आठवड्यांनी नालबंदी ठेवली. खूर महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतं, त्यामुळे आकार सुधारायला वर्ष लागतं, एका फेरीत जादू होत नाही. तांबडा विकला गेला नाही. नंतर तो एका वयस्कर बाईंना लीजवर दिला, त्या मऊ पायवाटेवर कदम (साधी चाल) आणि थोडा ट्रॉट एवढंच करतात, आणि या कामात तो ठीक आहे असं कळतं. तोच घोडा, त्याच खुरांचा, फक्त काम वेगळं.

रविवारी बघायला येणारे लोक आले होते की नव्हते ते कधीच कळलं नाही.

ताईने काही महिन्यांनी एक काळी घोडी घेतली, १४ वर्षांची. आणि तिचा व्हेट चेकसुद्धा स्वच्छ नव्हता! मागच्या पायांची फ्लेक्शन टेस्ट दोन्हीकडे थोडी पॉझिटिव्ह, हॉकच्या एक्स-रेत तांबड्यासारखेच बदल, एका बाजूला तर तांबड्यापेक्षा जास्त. फरक असा की पुढचे खूर एक्स-रेतही चांगले आणि कडक गोलातही, ती शेवटच्या आठवड्यापर्यंत १ मीटरच्या स्पर्धा करत होती, आणि विकणाऱ्याने पहिल्याच भेटीत हॉकची इंजेक्शनं कधी कधी दिली त्याचा कागद समोर ठेवला होता. डॉक्टर तेच होते. त्यांनी लिहिलं की या कामासाठी जोखीम आहे पण सांभाळता येण्यासारखी आहे. इन्शुरन्सवाल्यांनी दोन्ही हॉक पॉलिसीतून वगळले, म्हणजे त्या सांध्यांचा खर्च पूर्ण स्वतःचा, तोही ताईने आधीच धरला होता.

घोडी गारठ्यात सकाळी आखडते, वीस मिनिटं कदम चालवल्याशिवाय तिला ट्रॉटला लावत नाहीत, हॉकला एकदा इंजेक्शन झालं. जंप करते. स्वभावाने तांबड्याच्या अगदी उलट, चावरी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट क्रमाची. रेकॉर्ड पहिल्या भेटीनंतर मागायला हवा होता, तो मागायला पैसे लागत नाहीत आणि परवानगी द्यायला कुणी किती वेळ लावतं यातूनच बरंच कळतं. इथं तो पहिल्या तपासणीनंतर आला. आधी आला असता तर हॉकची इंजेक्शनं माहीत असती, डॉक्टरांनी सुरुवातीलाच हॉक आणि पुढचे खूर दोन्हींचे एक्स-रे ठरवले असते, नालबंदाला बोलावून ठेवलं असतं, आणि दुसऱ्या तपासणीचा बराच खर्च वाचला असता.

लेकीचं बसणं. लेकीने एकदा बसून बघायचं, आवडला तर लगेच तपासणी, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत पुन्हा जायचं नाही, असं काहीतरी ठरवायला हवं होतं. हे मी ताईला तेव्हाही म्हणाले होते, कोचचं म्हणणं होतं की घोडा आणि स्वार जमतात का ते नीट बघू द्या. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे पण एकदा जीव जडला की रिपोर्ट वाचणारा माणूस रिपोर्टमध्ये परवानगी शोधायला लागतो.

तपासणीच्या आधी घोड्याला खऱ्या कामावर आणायला हवं होतं. दोन वर्षं हलक्या कामावर असलेला घोडा जंपिंगसाठी विकायचाय तर विकणाऱ्याने तीन-चार आठवडे तरी त्या कामाच्या जवळपास नेऊन दाखवावा, असं म्हणण्यात गैर काही नाही. मालक नाही म्हणाले असते कदाचित. तर तेही उत्तरच आहे.

पावतीवरची अट तर पहिल्या दिवशीच हवी होती. इथं मालक शेवटी सरळ निघाले म्हणून निभावलं.

एमआरआयवरून ताईचं आणि माझं अजूनही पटत नाही. तिला आता वाटतं की केला असता तर मालकांना नेमका उपचार करता आला असता आणि तांबडा कदाचित अजून सुधारला असता, तिने तो खर्च करायला हवा होता. माझं म्हणणं आहे की दुसऱ्याच्या घोड्याचा उपचार हा त्याच्या मालकाचा खर्च, रिपोर्ट दिला तेवढं पुष्कळ झालं. मालकांनी तो एमआरआय अजून केलेला नाही.